नाक आईवर गेलं

पोस्ट सिंदी (रेल्वे), जि. वर्धा
१२ सप्टेंबर २०२४

कु. गुंजन मनोहरराव कामडी हिला,

विषय : तुझे दि. ३ सप्टेंबरचे पत्र.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी तू पुण्यात पोस्टात टाकलेलं पत्र आज मिळालं. पाकिटावर माझं नाव होतं म्हणून मीच फोडलं.

तीन वर्षांपूर्वी मी म्हटलं होतं की तुझ्याशी बोलणार नाही. त्यावर मी कायम आहे. तुझा फोन तुझे बाबा घेतात, तो त्यांचा प्रश्न. वांग्याच्या वाफ्यात जाऊन हळू आवाजात बोलतात आणि त्यांना वाटतं मला कळत नाही. पण लिहिणार नाही असं मी कधी म्हटलं नव्हतं. म्हणून लिहिते. जेवढं विचारलं तेवढंच लिहिते.

तू लिहिलं आहेस की फ्रान्समध्ये बोर्दो नावाचा भाग आहे, तिथल्या जुन्या लाल वाईनमध्ये एक वास येतो. पुस्तकात त्याला देवदाराचं लाकूड म्हणतात. देवदार तू पाहिलेला नाहीस, पण हा वास लहानपणी आपल्या घराच्या आसपास घेतल्याचं तुला पक्कं आठवतं. सुकलेलं पान, थोडं लोखंड, मागून थोडा गोडवा. परीक्षेत वासाला नाव देता आलं पाहिजे, आणि तुला नाव सापडत नाही. 'आई, तुला आठवेल' असं लिहिलंस.

मला आठवावं लागलं नाही. ती देवकाबाईची पत्र्याची पेटी आहे.

तू तीन वर्षांची होतीस. मी भाजी घेऊन सिंदीच्या बाजारात जायचे तेव्हा तुला शेजारी देवकाबाईजवळ ठेवायचे. ती विड्या वळायची. पेटीत एका बाजूला तेंदूची पानं आणि दुसऱ्या बाजूला तंबाखू, दोन्ही फडक्यात बांधलेलं. तू त्या पेटीत डोकं घालून बसायचीस. तिचा नत्थू तुला पायाला धरून बाहेर ओढायचा आणि तू पुन्हा आत जायचीस. नत्थूचं नाव या घरात कोणी घेत नाही. आज लिहावं लागलं.

तर तुझ्या पुस्तकवाल्यांना सांग, देवदार त्यांचा त्यांना राहू दे. आपल्याकडे त्याला तेंदूपान म्हणतात.

वासाच्या बाबतीत तू योग्य माणसाला विचारलंस एवढं मान्य करते. हातभट्टी शोधायची असली की ठाण्यातले शिपाई मला बोलावतात. मोहाची फुलं कुजवून केलेला सडवा जमिनीत पुरून वर काट्या टाकल्या असल्या तरी मी पन्नास पावलांवरून सांगते की इथे आहे, आणि किती दिवसांचा आहे तेही. लहानपणी लोक म्हणायचे पोरीचे डोळे बापावर गेले. नाक आईवर गेलं हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

शालू मनोहरराव कामडी
अध्यक्ष, महिला दारूबंदी समिती

ता. क. या पत्राचा अर्थ तुझ्या कामाला माझी संमती आहे असा काढू नये.


१० ऑक्टोबर २०२४

गुंजन,

नवरात्राचे दिवस आहेत, वेळ कमी आहे, तरी तुझी पाच पानं वाचली. परीक्षा पास झालीस हे वाचलं. तेंदूपान हा शब्द तू खरंच परीक्षेत लिहिलास आणि तपासणाऱ्याने समजावून सांगायला लावलं, हेही वाचलं. बाबांनी पेढे आणले. कशाचे म्हणून मी विचारलं नाही, पण एक खाल्ला.

आता तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं. डिसेंबरमध्ये नागपूरला तुमच्या हॉटेलचं दुपारचं मोठं जेवण आहे, फ्रान्सची एक कंपनी आपल्या लाल वाईन घेऊन येणार आहे, साठ पाहुणे असतील आणि ताटात आपलं वऱ्हाडी जेवण वाढायचं आहे. त्यासाठी तुमच्या शेफने चार प्रकारच्या मिरच्यांचा रस्सा केला. त्यावर वाईन घेतली की ती कडू लागते आणि जिभेला आग लागते. मग तू काय करावं?

पहिली गोष्ट, शेफला बदलावं. वऱ्हाडी म्हणजे नुसतं तिखट हे याला कोणी सांगितलं? आमच्या घरी कोणी जेवून रडत घरी गेलं नाही.

दुसरी गोष्ट. लाल वाईनमध्ये एक तुरटपणा असतो, तो तोंड कोरडं करतो, हे तू मला एक पान भरून समजावलंस. गरज नव्हती. अर्धकच्चं जांभूळ मी पण खाल्लं आहे. तुरटाला तिखट चालत नाही, दोघं भांडतात. तुरटाला तेल लागतं. तुझी ती जड, तुरट बोर्दोवाली आहे ना, तिच्यासमोर गोळाभात ठेव. डाळीचे गोळे भातात वाफवलेले, आणि वरून मोहरी-हिंगाची गरम फोडणी, हात आखडता न घेता. तेल जिभेवर आलं की तुरटपणा खाली बसेल.

दुसरी वाईन तू ऱ्होन नदीच्या काठची लिहिलीस. तिला काळ्या मिऱ्याचा आणि धुराचा वास आहे म्हणतेस. हे वाचून मला हसू आलं. धुराचा वास असलेली वस्तू हातात आहे आणि तुमचा शेफ तिच्यासोबत पनीर देणार म्हणतो? भरीत दे. पण वांगं तुराटीवर, तुरीच्या वाळल्या काड्यांवर भाजलेलं. गॅसवर भाजलेलं वांगं हे भाजलेलं नसतं, ते नुसतं गरम झालेलं असतं. तुराटीच्या जाळात साल काळी होते, आत धूर शिरतो, मग लसूण, कच्चा कांदा, हिरवी मिरची बेताची.

लोआरच्या वाईनमध्ये हिरव्या पाल्याचा, शिमला मिरचीसारखा वास येतो असं लिहिलंस. सांबारवडी कर. पुण्याच्या लोकांना सांबार म्हणजे इडलीबरोबरचं वाटेल, त्यांना आधी सांग की आम्ही कोथिंबिरीला सांबार म्हणतो. आणि पाटवडीचा रस्सा सोडू नको. रस्स्याशिवाय आपलं जेवण होत नाही. तिखट अर्ध्यावर आण, आणि तुझ्याकडची सगळ्यांत हलकी, फळासारखी जी आहे, बोजोले, ती त्याच्यासोबत दे. थंड करून देता येते का ते तुला माहीत.

मी वाईनबद्दल काहीही बोललेले नाही. जेवणाबद्दल बोलले.

आई


९ नोव्हेंबर २०२४

चि. गुंजन,

दिवाळी झाली. तू पाठवलेली साडी बाबांनी कपाटात ठेवली, मी पाहिली नाही असं समज. जांभळी आहे.

नागपूरला येऊन मीच स्वयंपाक करावा असं लिहिलंस. 'हे जेवण तुझ्या नावाने व्हावं' ही ओळ मी तीनदा वाचली. उत्तर नाही असं होतं. चार दिवस ते नाहीच होतं. मग बाबा म्हणाले, "तू नाई गेली तं मी जातो, अन भरीत बिघडवून येतो. मंग लोकं म्हनतीन शालूबाईच्या हातचं." म्हणून पुन्हा विचार करायला बसले आणि बसल्यावर दुसऱ्याच गोष्टी आठवल्या. त्या लिहिल्याशिवाय येता येणार नाही.

नत्थू गेला ती होळी तुला आठवते. युरिया टाकलेली दारू कोणीतरी त्याला ग्लासात ओतून दिली. सव्वीस वर्षांचा पोरगा दोन दिवसांत गेला. देवकाबाई रडली नाही. ती माझ्या ओट्यावर येऊन म्हणाली, "शालू, चाल." तेवढंच. तिथून आपली समिती सुरू झाली.

तू हॉटेलचं शिक्षण घेतलंस तोवर ठीक होतं. मग कळलं की तू वाईन शिकतेस. तेव्हाही मी गप्प होते, कारण कोणाला माहीत नव्हतं. गावात मी सांगितलं की गुंजन पुण्याला कम्प्युटरवर काम करते. मग तू रजेवर आलीस. त्या दिवशी सकाळी नाल्याकडच्या भट्टीवाल्याने मला रस्त्यात थांबवलं. मोबाइलवर तुझा फोटो होता. काळा कोट, हातात लाल ग्लास, नाक ग्लासात. म्हणाला, "आमचे दारू भरलेले ट्यूब फोडता काकू, अन पोरगी तं मस्त पिऊन पगार घेऊन राह्यली."

मी घरी आले. तू ओसरीवर बसून खोका उघडत होतीस. सहा ग्लास होते, कागदात गुंडाळलेले. ज्या काठीने मी भट्टीचे माठ फोडते त्याच काठीने मी ते फोडले. आणि म्हटलं, नत्थू ज्याने मेला ते भांडं माझ्या घरात नको.

गुंजन, ते ग्लास कोरे होते. चार ग्लासांचा तर कागदही निघाला नव्हता. तू बाबांना तीन विहिरींचं पाणी त्यात ओतून देणार होतीस, वासावरून विहीर ओळखता येते का बघायला. हे मला बाबांनी त्याच संध्याकाळी सांगितलं होतं. मला तीन वर्षांपासून माहीत आहे. मला राग दारूचा आला नव्हता, लाज आली होती. त्या लाजेवर मी नत्थूचं नाव पांघरलं. ते पोरगं तुला खांद्यावर घेऊन तान्ह्या पोळ्याला सिंदीला न्यायचं.

एवढं कबूल करते. अजून एक आहे. ते कागदावर उतरत नाही.

मी येते. माझ्या ताटाजवळ ग्लास ठेवायचा नाही. तुराट्या आणि वांगी मी घेऊन येईन, तुमच्या शेफने वांग्याला हात लावायचा नाही. फोटो नाही. आणि बोलणार नाही म्हटलं होतं ते स्वयंपाकापुरतं बाजूला ठेवते, कारण मीठ तरी मागावंच लागेल.

आई


१७ डिसेंबर २०२४

गुंजन,

तू म्हणशील, शनिवारी आपण सोबतच तर होतो, मग पत्र कशाला. पण तू तुझ्या बाजूने पाहिलंस. मी स्वयंपाकघरातून काय पाहिलं ते तुला माहीत नाही.

गावातल्या बंडूजीच्या छोट्या हत्ती टेम्पोत आम्ही सकाळीच निघालो. मागे दोन भारे तुराट्या, तीन पोती वांगी आणि बाबा. आपल्या दारूबंदी असलेल्या जिल्ह्याची हद्द ओलांडली. पाच वर्षं मी या रस्त्याने नागपूरकडून येणाऱ्या दारूच्या पेट्या पकडून दिल्या, आणि आज मीच तिकडे चालले होते.

तू फाटकात उभी होतीस. बारीक झालीस. तीन वर्षांनी पहिला शब्द काय बोलावा हे मी गाडीत ठरवलं होतं, चांगलं वाक्य होतं. तोंडातून निघालं, "मीठ कुठं हाये?"

तू म्हणालीस, "आत, डाव्या हाताला, आई." आणि तोंड फिरवलंस. मी पण फिरवलं. बाबा मात्र उघड रडले, त्यांना काही लाज नाही.

तुमचा शेफ वाईट माणूस नाही. वांगी जाळात काळी होताना त्याने एक शब्द काढला नाही, नंतर हळूच येऊन विचारलं की तुराटी नागपुरात कुठे मिळेल. मी म्हटलं, "शेतात."

आता मी पाहिलं ते. बाराच्या सुमारास मी गोळे वळत होते. पलीकडच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. तू बाटल्या उघडून एकेक घोट चाखत होतीस. तोंडात घेऊन फिरवायचीस, नाकाने श्वास ओढायचीस आणि भांड्यात थुंकायचीस. दहा, वीस, तीस वेळा. मला कोणी सांगितलंच नव्हतं की तुम्ही गिळत नाही. बाबांना विचारलं, तर म्हणाले, "सांगतलं होतं. तू आयकलं नाई."

मग तुझे साहेब आले. बोर्दोच्या त्या मोठ्या बाटल्यांपैकी एक तू बाजूला ठेवली होतीस. साहेबांनी ग्लासात ओतून वास घेतला आणि म्हणाले, "कुछ नहीं है, सर्व कर दो. पाहुणे बसून राह्यले. फ्रेंच बाईसमोर आपणच त्यांची बाटली खराब म्हणायची का? किसको पता चलेगा?"

तू म्हणालीस, "मला पता आहे ना, सर."

ते म्हणाले, "गुंजन, नोकरी करायची की नाही?"

तू ग्लास खाली ठेवलास. आवाज चढवला नाहीस. "करायची आहे, सर. पण ही मी कोणाच्या ग्लासात ओतणार नाही. ओतायची असेल तर दुसऱ्या कोणाला सांगा."

माझ्या हातातला गोळा हातातच राहिला.

त्यानंतरचं तुला माहीत आहे, पण मला लिहू दे. तू ताटात तीन ग्लास घेऊन माझ्यासमोर आलीस. मागे साहेब, त्यांच्यामागे त्या कंपनीची पांढऱ्या केसांची फ्रेंच बाई. तू म्हणालीस, "आई, पिऊ नको. फक्त वास घे. अन काय येते ते सांग." कोणता ग्लास कोणता, काही सांगितलं नाहीस. माझी अट तू मोडलीस, आणि मी मोडू दिली.

हात धुतले, पदराला पुसले. पहिला ग्लास. देवकाबाईची पेटी, अगदी तीच, वर पिकलेलं जांभूळ. दुसरा तसाच. तिसऱ्याजवळ नाक नेलं आणि लगेच मागे घेतलं.

"बारदाना," मी म्हटलं. "भिजलेला. सिंदीच्या जिनिंगच्या गोदामात पानी शिरलं होतं, सरकीचे पोते महिनाभर बंद होते, दार उघडल्यावर जसा आला तसा. याच्यात फळ नाई राह्यलं. मेलं ते."

तू साहेबांकडे पाहिलंसही नाहीस. ग्लास फ्रेंच बाईकडे दिलास. तिने वास घेतला, डोळे मिटले आणि मान हलवली. तू मला नंतर समजावलंस, बुचाला बुरशीसारखं काही लागतं आणि आतली वाईन बिघडते. पिऊन कोणाला काही होत नाही, चव तेवढी मरते. मग बाई काहीतरी बोलली आणि तू हसलीस. तीन वर्षांनी मी तुला हसताना पाहिलं.

"आई, ती विचारून राह्यली, तुम्ही या कामात किती वर्षापासून हाये?"

मी म्हटलं, "सांग तिले, पाच वर्ष झाले. पन माहं काम फोडाचं हाये."

तू जसंच्या तसं सांगितलंस. मला वाटलं ती हसेल. तिने दोन्ही हात जोडले.

जेवणाचं काय सांगू? पाटवडीच्या रस्स्यासोबत तू ती हलकी वाईन थंड करून दिलीस आणि लोकांना सांगितलंस की तिखटासमोर जोर दाखवायचा नसतो. भरिताच्या वेळी एक म्हातारे गृहस्थ काटा-चमचा ठेवून बोटांनी जेवले आणि मग ऱ्होनचा ग्लास नाकाशी धरून बराच वेळ नुसते बसले. सांबारवडी माझ्या मते थोडी जास्त तळली गेली. ठेचा मी लपवून आणला होता आणि बाबांकरवी तीन टेबलांवर ठेवला, ही चूक माझी. तिथल्या एका टोपीवाल्याने ठेचा खाऊन वर बोर्दो घेतली आणि लाल झाला, तेव्हा तू माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलंस ती माझीच नजर आहे, मी ओळखते. पण गोळाभातावर गरम फोडणी पडली आणि लोकांनी घास घेऊन तीच वाईन पुन्हा घेतली, तेव्हा साठ माणसं एकदम गप्प झाली. जेवताना माणूस गप्प होतो तेव्हाच समजायचं.

मग तू मला बाहेर बोलावलंस. मी जांभळ्या साडीत, हाताला वांग्याची काजळी. मला वाटलं तू म्हणशील 'माझी आई' आणि थांबशील. तू इंग्रजीत आणि मराठीत दोन्ही वेळा पूर्ण म्हणालीस, "हे जेवण माझ्या आईचं. शालूबाई कामडी. वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या महिला दारूबंदी समितीच्या अध्यक्ष."

हातात ग्लास घेतलेल्या लोकांसमोर तू हे बोललीस. काहींनी ग्लास खाली ठेवले. मग टाळ्या पडल्या.

गुंजन, तू माझं काम लपवलं नाहीस. मी तुझं तीन वर्षं लपवलं.

आणि आता ते उरलेलं लिहिते, नाहीतर मला झोप लागणार नाही. नाल्याकडच्या त्या माणसाने तुझा फोटो दाखवला तेव्हा शेवटी एक वाक्य बोलला होता. "आमच्या नाल्याकडं येऊ नका काकू, मी कोनाले दाखवत नाई." मी हो म्हटलं नव्हतं. पण तीन वर्षांत मी नाल्याकडे एकदाही गेले नाही. दुसरीकडच्या सगळ्या भट्ट्या फोडल्या. बायका म्हणायच्या, नाल्याकडे वास येतो का हो शालूबाई? मी म्हणायचे, नाही येत.

येत होता. रोज येत होता.

तू नोकरीवर पाणी सोडायला तयार झालीस, पण एक खराब बाटली ओतली नाहीस. मी अध्यक्ष आहे आणि मी एक अख्खी भट्टी चालू दिली. शनिवारपासून हे डोक्यातून जात नाही.

आई


२९ जानेवारी २०२५

चि. गुंजन,

त्या फ्रेंच बाईने फ्रान्सला सहा महिन्यांसाठी तुला बोलावलं, ते तुझ्या फोनआधी बाबांच्या चेहऱ्यावर कळलं. मार्चमध्ये जायचं म्हणजे थंडीचे कपडे लागतील. फोनवर मी फार बोलले नाही, कारण मला हे सगळं सलग सांगायचं होतं आणि फोनवर मी रडले असते.

संक्रांतीनंतर मी देवकाबाईकडे गेले. ती ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होती. मी समोर बसून सगळं सांगितलं. तुझं काम, कम्प्युटरची थाप, फोटो, नाला. ती सोलत राहिली. शेवटी म्हणाली, "पोरीचं तं मले दोन सालापासून माहीत हाये. मनोहररावच बोलले होते. पोरगी शिकली, कामाले लागली, तिच्या कामाचं मले काई नाई." मग हात थांबले. "नाल्याचं माहीत नव्हतं व, शालू."

ती उठून आत गेली आणि दार लावलं. आठ दिवस तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं आणि ग्रामसभा बसली. शाळेच्या पटांगणात दोनशे माणसं असतील. सरपंचांनी विचारलं, कोणाला काही बोलायचं आहे का? मी उभी राहिले. तो नाल्याकडचा मागे भिंतीला टेकून उभा होता. त्याने मला पाहिलं आणि खिशातून मोबाइल काढून नुसता वर धरला.

मी म्हटलं, "दाखव ना. सगळ्याइले दाखव. थांब, आधी मीच सांगतो." आणि सांगितलं. "माही पोरगी गुंजन कम्प्युटरवर नाई. ते फ्रान्सची लाल वाईन चाखते, कोनत्या जेवनासंग कोनती चांगली लागते ते लोकाइले सांगते. हे शिकाले तिले सहा वर्ष लागले. खराब बाटली असन तं नोकरी गेली तरी कोनाले देत नाई. हे मी माह्या डोळ्यानं पाह्यलं. अन मी, तुमची अध्यक्ष, तिचं काम लपवाले तीन साल नाल्याकडं गेली नाई. तिथं भट्टी हाये, मले माहीत होतं. माहा राजीनामा घ्या."

मान खाली गेली नाही. एवढा मोकळा श्वास मी कित्येक दिवसांत घेतला नव्हता.

मग बायकांतून देवकाबाई उठली. काठी टेकत पुढे आली. सरपंचांकडे नाही, माझ्याकडे पाहून म्हणाली, "राजीनामा देतं म्हने. अन मंग नाक कोनाचं लावाचं आमी? चाल."

सरपंचांनी तिथूनच ठाण्यात फोन लावला. तेवीस बायका निघालो. देवकाबाई पुढे, मी तिच्या एक पाऊल मागे, कारण तिने मला पुढे जाऊ दिलं नाही. नाल्याच्या वळणावर वाऱ्याने वास आला. मी म्हटलं, पळसाच्या बुडाशी, मोठे पाच माठ आणि दोन ट्यूब, सडवा दहा-अकरा दिवसांचा. शिपायांनी खणलं. माठ सहा निघाले. एक चुकला, वय झालं असेल. पहिला माठ देवकाबाईने फोडला. त्या दिवशी ती रडली, सहा वर्षांनी, तिथेच नाल्याच्या काठी बसून. मी शेजारी बसले. तिने हात झटकला नाही.

एक लिहून ठेवते. तुझ्या वाईनबद्दल माझं मत बदललं आहे असं समजू नको. या जिल्ह्यात बाटली आली तर मी धरणार, ती फ्रान्सची असली तरी. पण तुझ्याबद्दल माझं मत काय आहे ते मी दोनशे लोकांत बोलून आले, आता पुन्हा लिहीत नाही.

गावात दोन दिवस वेगवेगळ्या गोष्टी चालल्या. कोणी नाक मुरडलं, कोणी विचारलं की द्राक्षं लावली तर भाव मिळेल का. शाळेतली अपेक्षा मॅडम घरी आली, म्हणाली, गुंजनताई आली की दहावीच्या मुलींशी बोलेल का, वासावरून वस्तू ओळखायचा खेळ घेईल का? मी म्हटलं, तिला वेळ असेल तर. मोठ्या माणसांना वेळ नसतो.

आता तू रविवारी येणार त्याचं. फ्रान्सला जाण्याआधी आठ दिवस घरी राहायचं, हे मी विचारत नाही, सांगते आहे. बाबा म्हणतात गाडी करून घेऊन येऊ. काही गरज नाही. सकाळच्या गाडीने सिंदीला उतर. बाजाराचा दिवस नाही, तरी स्टेशनवर आपल्या गावची पाच-पन्नास माणसं असतातच, असू दे. मी प्लॅटफॉर्मवर उभी राहीन, देवकाबाई पण येते म्हणाली आहे.

स्टेशनच्या फाटकाबाहेर येईपर्यंत चार जण थांबवतीन, इचारतीन, काय व शालूबाई, पोरगी काय करते? तू मधात बोलजो नको. मीच सांगणार हाये.

आई